बारा ते दोनचा पहारा

आमच्या गावच्या सप्ताहात रात्रीचा पहारा पुरुषांकडे आणि दिवसाचा बायकांकडे, ही वाटणी माझ्या आईच्या वेळेपासूनची. पहारा म्हणजे वीणेचा. सप्ताह बसला की सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकानं ती गळ्यात घेऊन मंडपात उभं राहायचं, सावकाश फिरायचं, मुखानं नाम चालू ठेवायचं. दोन तास झाले की पुढचा येतो, वीणेवर डोकं टेकवतो, हात पुढे करतो आणि वीणा त्याच्या गळ्यात जाते. पुढचा आला नाही तर मागच्यानं तसंच उभं राहायचं. तहान लागो, पाय दुखोत, घरी पाहुणे येवोत. आणि समोर कोणी वीणा धरली तर 'नको' म्हणायचं नाही. लहानपणापासून हे इतकं अंगात मुरलं आहे, की कोणी वीणा पुढे केली तर आमचे हात डोक्याला विचारत नाहीत.

देवळाच्या भिंतीला पाटी आहे. तिच्यावर खडूनं पहारेकऱ्यांची नावं लिहितात. दुपारी बारा ते दोन या चौकटीत बावीस वर्षं एकच नाव होतं. सरस्वतीबाई हिंमतराव. माझी बायको.

ती वेळ कोणालाच नको असते. वैशाखातलं ऊन, जेवणाची वेळ, मंडपात चिटपाखरू नाही. मी तिला कितीदा म्हटलं, सकाळची वेळ माग. ती म्हणायची, "गर्दीत देवाले आपुन दिसत नाही. बाराले मी एकलीच असतो."

गेल्या दिवाळीनंतर तिला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, ओळखीचे आवाज कानावर पडू द्या, सहा महिन्यांत बोलल्या तर बोलल्या. नंतर आशा कमी. सप्ताह बसला तेव्हा सहावा महिना चालू होता.

आमचं घर गावात नाही. देऊळघाटच्या अलीकडे, नाल्यापलीकडच्या मळ्यात आहे. वांगी, मेथी, कोथिंबीर, जनावरांपुरता घास. ओसरीतून देवळाचा कळस दिसतो, वारा इकडचा असला तर मृदंगही ऐकू येतो, पण शब्द लागत नाहीत. मोबाईलला आमच्या खोलगटात एक कांडी असते, तीही रुसलेल्या पाहुण्यासारखी. यंदा मात्र सप्ताह कमिटीनं कीर्तनं मोबाईलवर दाखवायचं ठरवलं आणि देवळाच्या गच्चीवर वायफायचा डबा बसवला. मी मनात धरलं, सरस्वतीला खाटेवरून सप्ताह दाखवायचा. मी चौतीस वर्षं गणित शिकवलं, नवससायास माझ्यानं होत नाहीत. पण कीर्तन ऐकून माणूस उठून बसतो हे मी पाहिलं आहे. कीर्तनात रडणारी आणि हसणारी माणसं तीच असतात, हे पाहायलाच तर मी आयुष्यभर पहिल्या रांगेत बसलो.

मुलानं, हर्षलनं, पुण्याला जाताना आपला जुना लॅपटॉप घरी ठेवला होता. तो ओसरीत ठेवला की देवळाचं नेटवर्क यादीत यायचं. आतल्या खोलीत, सरस्वतीच्या खाटेपाशी नेला की जायचं. खाट ओसरीत आणावी तर ऊन थेट अंगावर. म्हणून चिखलीला गेलो. बसस्टँडमागे धम्मरत्नचं दुरुस्तीचं दुकान आहे. तो माझा विद्यार्थी.

"गुरुजी, बसा. चहा सांगतो."

"आधी याचं पाह्य."

त्यानं लॅपटॉप उलटा केला, मागचे बारीक स्क्रू काढून बाटलीच्या झाकणात ठेवले आणि चिमट्यानं एक हिरवी चकती दाखवली. दोन बोटांवर मावेल एवढी. तिला दोन वायरी टोचलेल्या, एक काळी, एक पांढरी, केसापेक्षा थोड्या जाड.

"ह्या वायरी पडद्याच्या कडेनं वर जातात. हेच याचे कान. कान चांगले हायेत, पन आतला मानूस म्हतारा झाला."

"माह्यासारखा."

"तुमाले तं शेवटच्या बाकावरचं आयकू जाये. मी फुकटात मार खाल्ला त्याच्यापायी." तो हसला. "नवं कार्ड टाकतो. रेंज वाढन. पन एक सांगतो गुरुजी, कार्डानं आपलं आयकनं वाढते. समोरच्यानं बी आपलं आयकलं पाह्यजे, तवाच कनेक्शन होते."

"देवाचंही तसंच असते."

"कीर्तन सुरू नका करू. गिऱ्हाईक पळते."

त्यानं नवं कार्ड बसवलं, वायरी अंगठ्यानं दाबल्या. टच्‌ टच्‌ असा दोनदा आवाज आला. सिग्नल किती टक्के आहे ते आकड्यात दाखवणारी एक छोटी खिडकीही त्यानं पडद्यावर टाकून दिली. "तुमाले आकडे आवडतात म्हनून."

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी खोलीत देवळाचं नेटवर्क त्रेसष्ट टक्के आलं. सकाळचं कीर्तन सुरू झालं, टाळ वाजले आणि सरस्वतीच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मी तिच्या उशाशी बसून ते पुसलं. यापेक्षा जास्त मला काही नको होतं.

बारा वाजता लाईन गेली. आमच्याकडे उन्हाळ्यात बारा ते दोन रोजच जाते, गावात आणि मळ्यात एकदमच. मी स्वयंपाकघरात भाकरी खाऊन परत आलो. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, आणि चित्रही चालू होतं. मंडप रिकामा. एक बाई पाठमोरी, गळ्यात वीणा, हळूहळू फिरत होती. पुष्पांजली असेल म्हणून मी पंखा घेऊन सरस्वतीला वारा घालत बसलो. ती एकटक पाहत होती. दुसऱ्या दिवशीही तसंच.

पुष्पांजली माझ्या चुलतपुतण्याची बायको. यंदा पाटीवर त्या चौकटीत तिचं नाव लिहिलं होतं. संध्याकाळी ती सरस्वतीचं अंग पुसायला येते. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा मी म्हटलं, "तीन दिवस पाह्यतो तुले. चांगली फिरत असतं."

"कवा?"

"दुपारी. पहाऱ्यावर."

तिनं पाण्यात बुडवलेला कपडा पिळायचा थांबवला. "मामाजी, मस्करी काऊन करता? लाईन गेली का कमिटीचा गोविंदा कीर्तन दाखवाचा फोन काढून घरी नेते. स्टँड नुस्तं उभं असते. गच्चीवरचा डबा बी बंद."

"मंग मी काय पाह्यलं?"

"आन मी फिरत नाही." तिनं आवाज खाली आणला, जणू खाटेवरच्या बाईला ऐकू जाऊ नये. "खांबाले टेकून उभी राह्यतो. फिराले गेलं का वाटते, पुढं कोनीतरी चालून राह्यलं. वीना तं अशी हलकी लागते मामाजी, जशी माह्या गळ्यात नाहीच."

सरस्वती छताकडे पाहत होती.

चौथ्या दिवशी मी बाराच्या आधीच वही आणि पेन्सिल घेऊन बसलो. लाईन गेली. पंखा थांबला. यादीतून देवळाचं नेटवर्क गेलं. काही क्षण यादी कोरी राहिली, मग एक ओळ आली. 'छुपं नेटवर्क'. कुलूप नाही. मी हातही लावला नव्हता, तरी लॅपटॉप त्याला जोडला गेला आणि चित्र उघडलं.

विहिरीच्या काठावर उभं राहून मी धम्मरत्नला फोन लावला.

"काही लोक नाव लपवून ठेवतात गुरुजी. बाजूच्या मळ्यातलं असन."

"बाजूच्या मळ्यात लाईन नाही. पूर्ण शिवारात नाही."

"मंग कोनाचा मोबाईल असन. लॅपटॉप घेऊन फिरा. आकडा वाढन तिकडं तो मानूस."

मी फिरलो. वहीतले आकडे अजून आहेत. नाल्याची कड, देवळाच्या बाजूला: शून्य. विहीर: चार. ओसरी: बावीस. स्वयंपाकघर: चव्वेचाळीस. खोलीचं दार: सत्तर. खाटेचा पायथा: एक्क्याण्णव. उशाशी: अठ्ठ्याण्णव.

मग लॅपटॉप मी सरस्वतीच्या छातीजवळ धरला. शंभर.

पेन्सिल माझ्या हातातून पडली. ती खाटेखाली घरंगळत गेली, आणि वाकून ती शोधायचा धीर मला झाला नाही.

चित्रातला मंडप आमचाच होता, पण फरशी वेगळी होती. यंदा आम्ही पांढऱ्या चकचकीत टाइल्स बसवल्या. चित्रात जुनी शहाबादी होती, मधला दगड तडकलेला. बाईच्या अंगावर पोपटी लुगडं होतं. ती खांबामागून खांब ओलांडत गेली, तिसऱ्या खांबापाशी थांबली आणि डाव्या टाचेनं उजवा घोटा घासला.

बावीस वर्षं दुपारी चहाचा तांब्या घेऊन मी त्या मंडपाच्या दारात जात होतो. तो घोटा मला माहीत आहे. तिथं तिला खरूज होती.

मी ट्रंक उघडली. तिचं पहाऱ्याचं पोपटी लुगडं डांबरगोळ्यांत घडी घालून ठेवलेलं होतं, दिवाळीपासून. घडी मोडली नव्हती. पण खांद्याच्या जागी, जिथं वीणेचा पट्टा येतो, तिथं हात लावला तर ते ओलं होतं. नाकाशी नेलं. घाम आणि बुक्का.

भीती वाटली म्हणता? वाटली. देवाच्या दारातलं भय वेगळं असतं, ते माणसाला खाली बसवतं. हे तसं नव्हतं. मी लुगडं ट्रंकेत ठेवलं आणि कडी लावली.

पण पाचव्या दिवशी मी लॅपटॉप बंद केला नाही, कारण पाचव्या दिवशी तिचं बोट हललं. उजव्या हाताची तर्जनी. चित्रातली बाई तार छेडायची आणि गोधडीवर ते मेलेलं बोट त्याच ठेक्यात उचलायचं. डॉक्टरांना जे सहा महिने जमलं नाही ते दोन तासांत झालं. एक वाजेपर्यंत मनगट हललं. मी त्या बोटाला हात लावला. ऊब होती. मी हुंदके देत रामकृष्णहरी म्हणत होतो आणि पडद्याकडे बघत नव्हतो.

दोन वाजता बघावं लागलं, कारण नामाचा आवाज थांबला.

ती बाई कॅमेऱ्याकडे वळली होती. मागून उन्हाचा उजेड होता, चेहरा काळा दिसत होता. तिनं पट्टा डोक्यावरून काढला. वीणा दोन्ही हातांवर आडवी घेऊन समोर धरली आणि उभी राहिली. पुढच्या पहारेकऱ्याची वाट पाहत.

कोणी आलं नाही.

सव्वादोनला लाईन आली, चित्र तुटलं. देवळाचं नेटवर्क परत आलं, आणि पांढऱ्या टाइल्सवर पुष्पांजली उशिरा आलेल्या पुढच्या बाईच्या गळ्यात वीणा देत होती.

मी रात्रभर विचार केला नाही, विचार करायची हिंमत नव्हती. पण सकाळी ठरवलं, हे आपल्या घरी नको. बोट हललं ते हललं, पुढचं देव पाहील. सहाव्या दिवशी बाराला पाच मिनिटं कमी असताना मी लॅपटॉप बंद केला, बॅटरी काढली आणि तो कोठीघरात धान्याच्या पोत्यावर ठेवला.

दोन वाजता सरस्वतीचे हात वर आले.

दोन्ही. कोपरात किंचित वाकलेले, तळवे आभाळाकडे, मध्ये हातभर अंतर. मी ते खाली करायला गेलो तर ते हलेनात. श्वास घशात अडकत होता. ओठ निळे पडत होते. पहारा सुटताच मी पुष्पांजलीला फोन करून बोलावलं. तिनं आणि मी मिळून जोर लावला.

"आत्याबाईचे हात लोखंडावानी झाले," ती म्हणाली, आणि मागे सरकली. "मामाजी, हे हात रिकामे नाहीत."

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, ताठरपणा येतो, घाबरू नका. तीन गेले, चार गेले. श्वास कधी इतका लांबायचा की मी तिच्या नाकाशी बोट धरून मोजायचो. एकदा अकरा मोजले तरी आला नाही. दिवेलागणीला हात आपोआप खाली पडले. ती घामानं भिजली होती, आणि माझ्याकडे पाहत होती. त्या पाहण्यात राग नव्हता. थकवा होता. दिवसभर उभ्या राहिलेल्या माणसाचा.

दुसऱ्या दिवशी सप्ताहातला दुपारचा शेवटचा पहारा होता. त्यानंतर काला, आणि मग वीणा उतरवतात. मला एवढंच कळत होतं, की पुन्हा एकदा असे हात वर आले तर ती दिवेलागणी गाठणार नाही.

म्हणून बारा वाजता मीच लॅपटॉप आणला, बॅटरी घातली आणि तिच्या पायाशी ठेवला.

ती चित्रात आधीच समोर उभी होती. आज फिरली नाही. नाम घेतलं नाही. वीणा आडवी धरून, जवळ, इतकी जवळ की पडद्यात फक्त वीणेचा भोपळा आणि दोन हात दिसत होते. उजव्या हातातल्या बांगड्या मी धाड गावच्या बाजारातून आणलेल्या होत्या.

खाटेवर सरस्वतीचे हात वर आले.

एक वाजला. दीड वाजला. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. खोलीत कुठूनतरी बुक्क्याचा वास येत होता. श्वास लांबत चालला.

दोन वाजले.

सरस्वतीनं मान वळवली. सहा महिन्यांत पहिल्यांदा तोंड सरळ झालं.

"घ्या," ती म्हणाली.

स्पष्ट. तिचाच आवाज.

मी विचार केला असता तर कदाचित नसतं केलं. पण समोर वीणा धरलेली होती. मी पुढे झालो, डोकं वाकवलं, आणि हात पसरले.

पडदा काळा झाला.

मानेवर मागून काहीतरी ओलं आणि गार टेकलं. पट्ट्यासारखं. आणि छातीवर वजन आलं.

सरस्वतीनं हात खाली घेतले, उजव्या हाताचा टेकू देऊन उठून बसली आणि पाणी मागितलं.

काल्याच्या दिवशी ती पुष्पांजलीचा हात धरून नाल्यावरून चालत देवळात गेली. गाव गोळा झालं. बुवांनी काल्याच्या कीर्तनात तिचाच दृष्टांत दिला, माणसं ढसाढसा रडली, मीही रडलो. बाराला वीणा उतरवून गरुडखांबाशी ठेवली. सगळे खाली बसले. मी बसू शकलो नाही.

लॅपटॉप मी चिखलीला नेला. धम्मरत्ननं कार्ड काढलं, दुसऱ्या तीन मशीनमध्ये लावून पाहिलं. "याच्यात काही खराबी नाही गुरुजी," तो म्हणाला, "काऊन काढता?" मी जुनंच बसवून घेतलं. तो म्हणाला, "तुमी बसून तं घ्या. आल्यापासून उभेच हाये." घड्याळात साडेबारा झाले होते.

रोज बाराला वजन येतं. मी खाटेपासून दारापर्यंत फिरतो, दारापासून खाटेपर्यंत. मुखानं नाम चालू ठेवतो, कारण थांबलो की छातीवर तार थरथरते. हात खाली सोडायचा प्रयत्न करून पाहिला, श्वास अडकतो. पहिले आठ दिवस दोनला सुटायचं. मग अडीचला. मग चारला. काल देव्हाऱ्यात दिवा लागला तरी मी फिरत होतो. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. काही नाही म्हणाले.

सरस्वती आता पूर्वीसारखी बोलते. भाजीवाल्याशी भाव करते, पुष्पांजलीला चिडवते, हर्षलला फोनवर रागावते. त्या सात दिवसांबद्दल मात्र शब्द काढत नाही, आणि मी विचारलं तर भाजी निवडायला बसते.

आज तिनं स्वयंपाक उरकला, पदराला हात पुसले आणि खोलीत आली. अडीच वाजून गेले होते. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि दोन्ही हात पुढे केले.

तिनं डोक्यावरून पदर घेतला. वाकली. माझ्या छातीच्या वीतभर पुढे, हवेत, कपाळ टेकवलं. हात मात्र पुढे केले नाहीत. मग धक्का लागू नये म्हणून अंग चोरून माझ्या बाजूनं गेली आणि स्वयंपाकघरात एकटीच जेवायला बसली.